तंतुकणिका आणि लवकं : 'फरक स्पष्ट करा'च्या पलीकडे

चाफेकळी

'तंतुकणिका आणि हरितलवक यांतील फरक स्पष्ट करा.' अकरावी-बारावीच्या जीवशास्त्रातला हा हमखास प्रश्न आणि उत्तरही ठरलेलं. (तंतुकणिका म्हणजे मायटोकाँड्रिया; हरितलवक म्हणजे क्लोरोप्लास्ट, लवकांचा हिरवा प्रकार.) डावीकडे 'ऊर्जा निर्माण करते', उजवीकडे 'अन्न तयार करते'. डावीकडे 'ऑक्सिजन वापरते', उजवीकडे 'ऑक्सिजन सोडते'. मुलं तक्ता पाठ करतात, गुण मिळवतात आणि डोक्यात एक चित्र पक्कं बसतं : प्राण्यांकडे तंतुकणिका, झाडांकडे लवकं, दोघांचं काम एकमेकांच्या उलट. यातला पहिला भाग साफ चुकीचा आहे आणि दुसरा अर्धवट. मी हा विषय शिकवते, आणि या तक्त्यामुळे त्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट झाकली जाते असं मला मनापासून वाटतं. म्हणून हा धागा.

आधी चुकीचा भाग. झाडाच्या हिरव्या पेशीत दोन्ही असतात. मुळांत, खोडाच्या गाभ्यात, मातीखाली रुजणाऱ्या बीमध्ये ऊन पोचत नाही. तिथे एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) पुरवायला तंतुकणिकाच लागतात. पण भर दुपारच्या पानातही त्यांच्यावाचून भागत नाही. हरितलवक उजेडात एटीपी बनवतं खरं, पण तो बहुतेक सगळा तिथल्या तिथे साखर बनवण्यातच खर्ची पडतो. हरितलवकातून बाहेर येते ती तीन कार्बनांची साखर. रात्री साठवलेला स्टार्च फोडला की मुख्यतः माल्टोज. ती साखर वापरून उरलेल्या पेशीला एटीपी देणं हे काम तंतुकणिकांकडे.

आता अर्धवट भाग. दोघांच्या कामाची दिशा उलट दिसते, पण यंत्र एकच आहे. दोन्हीकडे पटलात प्रथिनांची साखळी असते. तिच्यावरून इलेक्ट्रॉन घरंगळत जातात, त्या जोरावर प्रोटॉन पटलाच्या एका बाजूला कोंडले जातात, आणि ते परत येताना एटीपी सिंथेज नावाचं फिरतं विकर एटीपी घडवतं. इलेक्ट्रॉन तंतुकणिकेत अन्नातून येतात, हरितलवकात पाण्यातून. साखळीच्या मधला दुवासुद्धा नात्यातला : तंतुकणिकेतलं सायटोक्रोम बीसी-१ आणि हरितलवकातलं सायटोक्रोम बी-६-एफ ही एकाच कुळातली प्रथिनं आहेत.

ही कल्पना पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडली तेव्हा फारशी कुणाला पटली नव्हती. मला त्यातला १९६६ चा जागेनडॉर्फ आणि उरिबे यांचा प्रयोग विलक्षण आवडतो. त्यांनी पालकाच्या हरितलवकांतली थायलॅकॉइड (चपट्या पिशव्यांची) पटलं घेतली, अंधारात ४ पीएचच्या आम्लात मुरवली, मग एकदम ८ पीएचच्या द्रावणात टाकली, सोबत एडीपी आणि फॉस्फेट, म्हणजे एटीपीचा कच्चा माल. उजेडाचा किरणही नाही, तरी एटीपी तयार झाला! म्हणजे एटीपी बनवताना प्रकाशाचं काम फक्त प्रोटॉन एका बाजूला साठवण्यापुरतं. तो साठा कुठल्याही मार्गाने करा, यंत्र चालतं. मिचेल यांना १९७८ मध्ये नोबेल मिळालं.

यंत्र एक कसं? कारण दोन्ही मुळात मोकळे फिरणारे जिवाणू होते. तंतुकणिकांचे पूर्वज अल्फाप्रोटिओबॅक्टेरिया, लवकांचे पूर्वज सायनोबॅक्टेरिया, म्हणजे नीलहरित जिवाणू. शिंपर यांनी १८८३ मध्येच लिहून ठेवलं होतं की हरितलवक नव्याने घडत नाहीत, आधीच्यांच्या विभाजनातून येतात. मेरेश्कोव्स्की यांनी १९०५ मध्ये लवकं म्हणजे आत शिरलेले जीव असं उघड म्हटलं. नंतर हा विचार बाजूला पडला. १९६७ मध्ये लिन मार्ग्युलिस यांचा लेख आला. तो पंधराएक नियतकालिकांनी नाकारला होता असं त्या स्वतः सांगत. तोवर हरितलवकात (१९६२) आणि तंतुकणिकेत (१९६३) डीएनए दिसला होता. पुढे सत्तरच्या दशकात रायबोसोमच्या आरएनएची तुलना झाली आणि वादाला फारशी जागा उरली नाही.

क्रमही लक्षात घेण्यासारखा आहे. तंतुकणिका आधी आल्या, लवकं नंतर. म्हणून प्राणी, बुरशी, अमीबा, झाडं या सगळ्यांकडे तंतुकणिका (किंवा त्यांचे अवशेष) आहेत, पण लवकं काहींकडेच. वनस्पतीची पेशी म्हणजे दोन पाहुणे मुक्कामाला राहिलेलं घर, आणि दुसरा पाहुणा आला तेव्हा पहिला आधीच घरचा झाला होता.

तुमच्याकडे या दोघांबद्दल काय आहे, ते लिहा. शेती, दवाखाना, प्रयोगशाळा, स्वयंपाकघर, कुठलंही चालेल.

---

काळा_फळा

ताई, लेख छान. पण तक्त्याची बाजू घेतो. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला आधी दोन वेगळ्या गोष्टी वेगळ्या म्हणून ओळखता आल्या पाहिजेत. एकीकडे शिखा (आतल्या पटलाच्या घड्या), दुसरीकडे ग्राना (थायलॅकॉइडच्या चळती). एकीकडे क्रेब्ज चक्र, दुसरीकडे केल्व्हिन चक्र. पाया पक्का नसताना एकदम 'दोन्ही एकच' म्हटलं तर मुलं गोंधळतात. मी निवृत्तीपर्यंत आधी फरक आणि मग साम्य याच क्रमाने शिकवलं.

दुसरं असं की 'रात्री झाडाखाली झोपू नये, झाड कार्बन डायऑक्साइड सोडतं' हे घरोघरी सांगितलं जातं. मुलं त्यातून 'झाडं फक्त रात्री श्वसन करतात' असा अर्थ काढतात. त्यावरही लिहा.

---

चाफेकळी

सर, क्रमाबद्दल तुमचं म्हणणं मान्य. फरक आधीच यावा. माझी तक्रार तक्त्यावर थांबण्याबद्दल आहे. साम्याचा तास बहुतेक ठिकाणी होतच नाही, कारण त्यावर प्रश्न येत नाही.

झाडांचं श्वसन चोवीस तास चालू असतं. दिवसा प्रकाशसंश्लेषण त्याच्यापेक्षा कितीतरी जोरात असल्याने बाहेरून मोजलं तर फक्त ऑक्सिजन बाहेर पडताना दिसतो. अंधार पडला की तो पडदा दूर होतो आणि श्वसन उघडं पडतं. आणि उघड्यावरच्या झाडाखाली हवा इतकी खेळती असते की त्या कार्बन डायऑक्साइडने झोपणाऱ्याला काही होत नाही. शेजारी झोपलेला माणूसही तोच वायू सोडत असतो.

झाडांच्या तंतुकणिकांची धग बघायची असेल तर कमळ बघा. उमलताना कमळाचं फूल स्वतःचं तापमान तीस ते छत्तीस अंश सेल्सिअसच्या आसपास धरून ठेवतं, बाहेर हवा दहा अंशांपर्यंत उतरली तरी. सुरणाचा फुलोराही असाच गरम होतो. झाडांच्या तंतुकणिकांत एक जादा विकर असतं, अल्टरनेटिव्ह ऑक्सिडेज. ते इलेक्ट्रॉनांना आडवाटेने थेट ऑक्सिजनकडे नेतं. प्रोटॉन कमी साठतात, एटीपी कमी बनतो आणि उरलेली ऊर्जा उष्णता म्हणून बाहेर पडते. कमळात ती परागीभवन करणाऱ्या किड्यांच्या कामी येते, सुरणात तो सुप्रसिद्ध वास दूरवर पसरायला.

---

उंबरठा

वाचते आहे, खूप आवडतंय. मी विज्ञान दहावीनंतर सोडलं, त्यामुळे प्रश्न घरातलाच. बटाटे उजेडात राहिले की हिरवे होतात. टोमॅटोचा हिरवा जाऊन लाल होतो. हे लवकांचंच काम ना? आणि तो हिरवा बटाटा खरंच विषारी असतो का?

---

दूरदेशी

उंबरठा, अगदी बरोबर, दोन्ही लवकांचीच कामं.

मी वनस्पतींच्या जीवरसायनशास्त्रात काम करतो, जर्मनीत. तक्त्यात 'हरितलवक' एवढंच येतं याचं मला नेहमी वाईट वाटतं, कारण लवकांचा खरा गुण त्यांच्या रूप पालटण्यात आहे. कोवळ्या वाढत्या टोकाशी सगळी लवकं लहान आणि बिनरंगी असतात. पानात गेली की हरितलवक होतात, कंदात गेली की स्टार्च साठवणारी श्वेतलवकं, फळात गेली की केशरी-लाल वर्णलवकं. आणि एकदा झालेलं रूप कायमचं नसतं. बटाट्यातली स्टार्चची लवकं उजेड मिळाला की आत थायलॅकॉइड उभारून हिरवी होतात. टोमॅटोत याच्या उलट : थायलॅकॉइड मोडीत निघतात, हरितद्रव्य जातं आणि लायकोपीनचे स्फटिक साचतात. तंतुकणिका हे करत नाहीत. त्या एकमेकींत मिसळतात, तुटतात, जाळं विणतात (पुस्तकातली घेवड्याच्या दाण्यासारखी आकृती हा त्या जाळ्याचा एक आडवा छेद असतो), पण त्यांचं मूळ काम बदलत नाही.

बटाट्याचं म्हणाल तर हिरवा रंग स्वतः निरुपद्रवी आहे, ते साधं हरितद्रव्य. पण त्याच उजेडाने सालीजवळ सोलॅनिनसारखी कडू विषारी द्रव्यंही वाढतात. हिरवं दिसलं म्हणजे तीही असतील असं धरून चालावं आणि तो भाग जाड कापून टाकावा. फारच हिरवा असेल तर बटाटाच टाकून द्यावा.

आता तुमच्याच स्वयंपाकघरातला एक पुरावा. रश्श्यावर लाल तर्री येते ती मिरचीतल्या कॅप्सॅन्थिनची. हे कॅरोटिनॉइड वर्णलवकांत बनतं, तेलात विरघळतं, पाण्यात नाही. कोकमाचा लाल रंग मात्र सरबतात सहज उतरतो, बिटाचा रंग धुतल्या पाण्याबरोबर जातो. ते रंग लवकांतले नाहीत, पेशीतल्या रसधानीतले, म्हणजे पाणीदार रसाच्या पिशवीतले आहेत. तेच फुलांत : झेंडूचा पिवळा-केशरी लवकांचा, जास्वंदीचा लाल रसधानीचा.

आणि अन्न 'तयार करणं' हेही पुरेसं वर्णन नाही. वनस्पतीतला स्टार्च, मग तो ज्वारीच्या दाण्यातला असो वा रताळ्यातला, लवकातच बनतो. मेदाम्लं लवकात बनतात; प्राण्यांत हे काम मुख्यतः पेशीद्रवात होतं. अनेक अमिनो आम्लं, काही संप्रेरकांचे कच्चे तुकडे, तेही तिथेच. मुळाच्या टोकावरच्या टोपीत स्टार्चने जड झालेली लवकं पेशीच्या तळाशी बसतात आणि त्यावरून मुळाला 'खाली' कुठे आहे ते कळतं. कुंडी आडवी केली की काही मिनिटांत ती नव्या तळाकडे सरकतात आणि मूळ वळायला लागतं.

---

उंबरठा

तर्रीचं वाचून आत्ताच उठून बिटाच्या फोडी एका वाटीत पाण्यात आणि एका वाटीत तेलात टाकून बघितल्या. पाणी लगेच गुलाबी, तेल तसंच्या तसं. लेकीला दाखवते आता.

---

बांधावरून

नमस्कार मंडळी. आमचं घर जालना भागातलं, बीजोत्पादनाचे प्लॉट घेतो. तंतुकणिका हा शब्द आमच्याकडे कुणी उच्चारत नाही, पण आमचा धंदा तिच्यावरच उभा आहे, म्हणून लिहितो.

ज्वारीच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही. संकरित बी करायचं तर मादी वाणाच्या प्रत्येक फुलातले परागकोश हाताने काढावे लागतील, ते एकराच्या हिशोबात अशक्य. तोडगा म्हणजे नरवंध्य वाण, आम्ही 'ए लाइन' म्हणतो. तिच्या पेशीद्रवातच, म्हणजे तंतुकणिकांच्या डीएनएत, असं काही असतं की केंद्रकाशी त्याचं जमत नाही आणि पराग तयार होत नाहीत. कणीस फुलोऱ्यात आलं की बघा : परागकोश बारीक, फिकट, चिमटीत चोळले तर भुकटी उडत नाही. शेजारच्या नर ओळीतले पिवळे टपोरे, बोट लावलं की धूर. चार ओळी मादी, दोन ओळी नर, अशी पेरणी. मादी ओळीत भुकटी सोडणारं एखादं झाड दिसलं की सकाळीच उपटायचं, नाहीतर प्लॉट नापास.

ए लाइन टिकवायला 'बी लाइन'. तिचं केंद्रक तेच, पण पेशीद्रव साधं, म्हणून तिला पराग येतात. आणि 'आर लाइन'च्या केंद्रकात असं जनुक असतं की ते तंतुकणिकेचा तो दोष दाबून टाकतं. म्हणून शेतकऱ्याच्या शेतात संकरित ज्वारीला दाणा भरतो. १९६४ मध्ये आलेली सीएसएच-१, जिच्यामुळे महाराष्ट्रात 'हायब्रीड' हा शब्दच ज्वारीसाठी रूढ झाला, ती याच पद्धतीची. तिची मादी अमेरिकेतून आलेल्या नरवंध्य वाणाची.

याचा धोकाही सांगतो. अमेरिकेत १९७० मध्ये बहुतेक सगळा संकरित मका एकाच 'टेक्सास' पेशीद्रवाचा होता. त्या तंतुकणिकेतलं जे प्रथिन मका नरवंध्य करायचं, तेच एका करपा बुरशीच्या विषाला दार उघडून देत होतं. त्या एका हंगामात देशातला सुमारे १५ टक्के मका गेला. केंद्रक वेगवेगळे ठेवून भागत नाही, पेशीद्रवही वेगवेगळं हवं, हा धडा बियाण्याच्या धंद्याने तिथून घेतला.

लवकांचं म्हणाल तर ॲट्राझिन. मका-उसात तणांसाठी मारतात ते. ते हरितलवकातल्या डी-१ नावाच्या प्रथिनावर जाऊन बसतं आणि इलेक्ट्रॉनांची वाट अडवतं. हे डी-१ हरितलवकाच्या स्वतःच्या डीएनएतून बनतं. तणात त्या जागी एक अमिनो आम्ल बदललं की औषध लागू पडत नाही, आणि हा गुण आईकडून बियांत उतरतो. मका मात्र वेगळ्या कारणाने वाचतो, तो ॲट्राझिन आपल्या पेशीतच निकामी करून टाकतो.

---

काळा_फळा

बांधावरून, हा प्रतिसाद वर्गात वाचून दाखवावा असा आहे. नरवंध्यत्व पुस्तकात दोन ओळींत आटपतं.

---

नीटची_तयारी

ताई, मी बारावीला आहे. दोन शंका आहेत.
१) तंतुकणिका आणि लवक दोन्ही फक्त आईकडून येतात, हे नेहमीच खरं का?
२) एका ग्लुकोजपासून ३८ एटीपी असं आमच्या नोट्समध्ये आहे, काही ठिकाणी ३०-३२ दिसतं. कुठलं धरायचं?

---

चाफेकळी

पहिल्याचं उत्तर मी देते, दुसरं दूरदेशींकडे सोपवते.

आईकडून वारसा मिळतो हे पहिल्यांदा कळलं ते गुलबक्षीवरून. कार्ल कोरेन्स यांनी १९०९ मध्ये चट्ट्यापट्ट्यांची गुलबक्षी घेतली. अशा एकाच झाडावर तीन तऱ्हेच्या फांद्या असतात : पूर्ण हिरवी, पूर्ण पांढरी आणि ठिपकेदार. त्यांनी प्रत्येक फांदीवरच्या फुलांचा प्रत्येक फांदीच्या परागांशी संकर केला. रोपं कशी निघतील हे फक्त एका गोष्टीवर ठरलं, बी कुठल्या फांदीवर धरलं. हिरव्या फांदीवरचं बी असेल तर रोप हिरवं, मग पराग पांढऱ्या फांदीचे का असेनात. पांढऱ्या फांदीवरच्या बियांतून पांढरी रोपं निघाली आणि बियांतलं अन्न संपल्यावर मेली. ठिपकेदार फांदीवरच्या बियांतून तिन्ही प्रकार. मेंडेलच्या नियमांत हे बसत नव्हतं. कारण जे उतरत होतं ते केंद्रकातलं नव्हतंच, बीजांडाच्या पेशीद्रवातून आलेली लवकं होती.

पण 'नेहमीच' नाही. त्याच वर्षी एर्विन बाउर यांनी पेलार्गोनियमवर काम केलं, ज्याला आपण कुंडीतलं जिरॅनियम म्हणतो. त्यात लवकं आई-वडील दोघांकडून येतात. पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांत लवकं वडिलांकडून, तंतुकणिका आईकडून. आपल्या काकडीत तर तंतुकणिका वडिलांकडून आणि लवकं आईकडून! एकाच बीमध्ये दोघांच्या वाटा वेगळ्या असू शकतात. परीक्षेत माणसाबद्दल विचारलं तर 'आईकडून' लिही. वनस्पतींबद्दल विचारलं तर 'बहुतांशी' हा शब्द सोडू नकोस.

---

दूरदेशी

दुसरी शंका. परीक्षेला तुमच्या पाठ्यपुस्तकातलाच आकडा लिही. प्रत्यक्षात ३० ते ३२ हा आजचा हिशोब आहे. ३८ हा आकडा एक एनएडीएच (अन्नातले इलेक्ट्रॉन साखळीपर्यंत नेणारा रेणू) म्हणजे पूर्ण तीन एटीपी असं धरून काढलेला. पण एटीपी प्रोटॉनांच्या साठ्यातून बनतो, आणि तो साठा इतर कामांतही वापरला जातो, जसं फॉस्फेट आत आणणं, तयार एटीपी बाहेर पाठवणं. त्यामुळे हिशोब पूर्णांकात बसत नाही.

याला जोडून तुलनेचा एक मुद्दा. एटीपी सिंथेजचं फिरतं चाक एकसारख्या छोट्या प्रथिनांचं बनलेलं असतं. एक प्रोटॉन, एक पाऊल. पूर्ण फेरीला तीन एटीपी. गाईच्या हृदयातल्या तंतुकणिकेत या चाकाला ८ पाकळ्या, पालकाच्या हरितलवकात १४. म्हणजे तीन एटीपीसाठी गाईला ८ प्रोटॉन पुरतात, पालकाला १४ लागतात. मोठं चाक प्रोटॉन जास्त खातं, पण दाब कमी असतानाही फिरू शकतं, मंद उजेडात पानाला त्याचाच उपयोग होत असावा.

प्रोटॉन कुठे साठतात हेही बघ. तंतुकणिकेत ते आतल्या पटलाच्या बाहेर ढकलले जातात, हरितलवकात थायलॅकॉइडच्या पोकळीत आत. उलट वाटतं. पण थायलॅकॉइड म्हणजे मूळ जिवाणूच्या पटलाची आत वळून सुटी झालेली पिशवी असं समज. मग दिसेल की दोन्हीकडे सिंथेजचं डोकं जिवाणूच्या जुन्या 'आत'मध्येच आहे आणि एटीपी तिथेच पडतो. आकृती काढून दोन्हीकडे ती बाजू एकाच रंगाने रंगव, पुन्हा कधी चुकणार नाहीस.

---

स्टेथो

डॉक्टर म्हणून माझी भर. हे जिवाणूंचे वंशज आहेत, ही गोष्ट आम्हाला औषधांच्या दुष्परिणामांतून रोज भेटते.

आपली कित्येक प्रतिजैविकं जिवाणूंच्या रायबोसोमवर काम करतात. माणसाच्या पेशीद्रवातले रायबोसोम वेगळे, म्हणून आपण वाचतो. पण तंतुकणिकांचे रायबोसोम जिवाणूंच्या घराण्यातले. क्लोरॅम्फेनिकॉलने अस्थिमज्जा दबते, ती बऱ्याच अंशी तंतुकणिकांतली प्रथिननिर्मिती थांबल्यामुळे. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयरोगात वापरलं जाणारं लिनेझोलिड लांबलं की रक्तात लॅक्टिक आम्ल वाढू शकतं, कारण तेच. आणि स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन : काही कुटुंबांत तंतुकणिकेच्या डीएनएवर १५५५ व्या जागी एक अक्षर बदललेलं असतं. त्या बदलाने तिथला रायबोसोम जिवाणूसारखा आणखीच दिसू लागतो आणि नेहमीच्या डोसनेही कायमचं बहिरेपण येऊ शकतं. हा बदल आईकडून उतरतो. म्हणून ही इंजेक्शनं देण्याआधी 'आईकडच्या नात्यात कुणाला औषधाने बहिरेपण आलं का' हा प्रश्न विचारायलाच हवा. माणसाच्या तंतुकणिकेचा डीएनए अवघा १६,५६९ अक्षरांचा, ३७ जनुकांचा. त्यातलं एक अक्षर कान घेऊन जातं.

लवकांशी डॉक्टरांचा काय संबंध असं वाटेल. मलेरिया! प्लाझमोडियमच्या, म्हणजे मलेरियाच्या परजीवीच्या, पेशीत एक लवक आहे. बिनरंगी, चार पटलांचं, प्रकाशसंश्लेषण कधीच सोडून दिलेलं, पण सुमारे ३५ हजार अक्षरांचा स्वतःचा डीएनए राखून असलेलं. ते लवकच आहे हे १९९६-९७ मध्ये स्पष्ट झालं. चार पटलं का, तर या परजीवीच्या पूर्वजाने आख्खं लाल शैवाळ गिळलं होतं, लवकासकट. डॉक्सिसायक्लिन मलेरियावर चालतं ते या लवकाच्या रायबोसोमवर. त्याचा परिणाम उशिरा दिसतो : औषध मिळालेली पिढी तगते, पुढची पिढी मरते. म्हणून उपचारासाठी ते एकटं देत नाहीत, झटपट काम करणाऱ्या औषधाच्या जोडीने देतात. ॲटोव्हाक्वोन हे दुसरं औषध त्याच परजीवीच्या तंतुकणिकेवर, बीसी-१ वर, बसतं. चाफेकळी ताईंनी ज्याचं नाव घेतलं तेच.

---

उंबरठा

मलेरियाच्या जंतूत झाडाचा अंश? दोनदा वाचलं.

---

स्टेथो

हो ताई. २००८ मध्ये सिडनी बंदरातल्या प्रवाळात क्रोमेरा नावाचा याच कुळाचा एकपेशीय जीव जाहीर झाला. त्याचं लवक अजून उन्हात काम करतं.

---

काळा_फळा

ताई, सगळं वाचल्यावर एक मागणी. दोघं 'एकत्र' काम करतात याचं ठोस उदाहरण द्या. एक साखर बनवतं आणि दुसरं वापरतं, एवढं पुरेसं वाटत नाही.

---

चाफेकळी

सर, प्रकाशश्वसन. अकरावी-बारावीला ते नाव येतं आणि 'वाया जाणारी प्रक्रिया' म्हणून पुढे सरकतं.

हरितलवकातलं रुबिस्को हे विकर कार्बन डायऑक्साइड पकडण्यासाठी आहे, पण ते ऑक्सिजनलाही पकडून बसतं. पंचवीस अंशांना साधारण चारातून एकदा. ऊन चढेल तसं जास्त. ऑक्सिजन पकडला की दोन कार्बनांचा एक निरुपयोगी तुकडा तयार होतो, तो साचला तर चक्र अडतं. हरितलवक एकट्याने त्याची वासलात लावू शकत नाही. तो तुकडा आधी पेरॉक्झिझोम या तिसऱ्या अंगकात (पेशीतल्या छोट्या अवयवात) जातो, तिथे ग्लायसीन बनतं, आणि ते तंतुकणिकेत शिरतं. तंतुकणिका दोन ग्लायसीनपासून एक सेरीन बनवते. त्यात एक कार्बन डायऑक्साइड आणि एक अमोनिया सुटतो. सेरीन पेरॉक्झिझोममार्गे परत हरितलवकात. अमोनिया पुन्हा पकडण्याचं काम हरितलवकाचं, नाहीतर नत्र वाया जाईल. सोयाबीन, गहू, भात, कापूस यांच्या पानांत हे भर उन्हात अखंड चालू असतं. यातलं तंतुकणिकेचं विकर काढून टाकलं तर साध्या हवेत झाड जगत नाही. पानाच्या छेदात ही तीन अंगकं एकमेकांना चिकटून बसलेली दिसतात.

आपल्या उसाने, ज्वारीने, बाजरीने, मक्याने दुसरी वाट काढली. पानाच्या शिरांभोवतीच्या पेशींत कार्बन डायऑक्साइड दाटीने कोंबायचा, म्हणजे रुबिस्कोला ऑक्सिजन सापडतच नाही. उसातलं हे कोडं हवाईतल्या कॉर्टशॅक आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये पुढे आणलं, आणि ऑस्ट्रेलियात हॅच व स्लॅक यांनी पुढच्या काही वर्षांत त्याची साखळी उलगडली. उसाच्या त्या शिरांभोवतीच्या हरितलवकांत ग्राना जवळजवळ नसतात. 'हरितलवकात ग्राना असतात' हे वाक्यसुद्धा उसाच्या पानात अर्ध्याच पेशींना लागू पडतं.

---

काळा_फळा

हे हवं होतं. तक्त्यानंतरचा तास कसा घ्यायचा ते मिळालं. आभार.

---

बांधावरून

एक शेवटची शंका. हवेतलं नत्र पकडणारं अंगक सापडलं असं वाचलं होतं. ते आमच्या ज्वारीत बसवता येईल का? युरियाचा खर्च वाचेल.

---

दूरदेशी

सापडलं ते खरं. २०२४ च्या एप्रिलमध्ये जाहीर झालं. ब्रारुडोस्फेरा नावाच्या एका सागरी शैवाळात नत्र स्थिर करणारा सायनोबॅक्टेरिया आता जिवाणू राहिलेला नाही. तो पेशीबरोबर ठरल्या वेळी विभागतो आणि त्याची बरीच प्रथिनं यजमानाच्या केंद्रकातून बनून आत येतात. त्याला नायट्रोप्लास्ट म्हणतात. त्याचं वय सुमारे दहा कोटी वर्षं. त्यापुढे तंतुकणिका आणि लवकं फारच जुनी, दोन्ही शंभर कोटींच्या वरची. शेंगवर्गीय पिकांच्या गाठींतले रायझोबियम या पायरीला आलेले नाहीत. ते दर पिढीत मातीतूनच येतात.

आख्खं अंगक उचलून ज्वारीत बसवणं आज कुणालाही जमलेलं नाही. पण नत्र पकडणारं विकर, नायट्रोजनेज, पिकाच्या पेशीत बनवण्याचे प्रयत्न जोरात आहेत, आणि तिथे पहिला प्रश्न हाच येतो : तंतुकणिका की लवक? नायट्रोजनेजला एटीपी मुबलक लागतो आणि ऑक्सिजन लागला की ते मरतं. हरितलवकात एटीपी आणि इलेक्ट्रॉन भरपूर, शिवाय तिथल्या डीएनएत नवं जनुक बसवण्याचं तंत्र १९९० पासून तंबाखूत हातात आहे. पण दिवसभर तिथेच ऑक्सिजन तयार होतो. तंतुकणिकेत ऑक्सिजन खपतो, म्हणून विकराला आसरा मिळतो. मात्र झाडांच्या तंतुकणिकेच्या डीएनएत जनुक बसवणं अजून अवघड, म्हणून जनुक केंद्रकात घालून प्रथिन आत पाठवावं लागतं. माद्रिदच्या एका गटाने २०१६ मध्ये यीस्टच्या तंतुकणिकेत नायट्रोजनेजचा एक घटक चालू स्थितीत मिळवला. ऑस्ट्रेलियातल्या गटाने २०१७ मध्ये तंबाखूच्या एका जातीत लागणारी सोळाही प्रथिनं तंतुकणिकेकडे पाठवून बघितली. पूर्ण विकर झाडात नत्र पकडतंय इथवर गोष्ट आलेली नाही. तोवर युरियाचा हिशोब तुमच्या तुरीच्या आंतरपिकावरच ठेवा.

---

बांधावरून

तूर आहेच, दोन ओळी ज्वारीत घेतो. माद्रिदचं काही नवं आलं तर याच धाग्यावर टाका.